बारा पट्ट्या आणि एक तार



लोणी काळभोर हे गाव सुरांना परके नाही. दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुणे सोडून सोलापूर रस्त्याने निघाली की तिचा मुक्काम येथे पडतो, आणि त्या दिवशी टाळ-मृदंगाचा घोष साऱ्या गावभर ऐकू येतो. याच गावच्या शिवारात, मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची राजबाग होती. १९७८ साली पडद्यावर आलेल्या त्यांच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या चित्रपटाचे चित्रण तेथे झाले. आता त्या जागी विद्यापीठ उभे आहे आणि त्याच्या आवारातील विश्वशांती संगीत कला अकादमीत गायनवादनाचे शिक्षण दिले जाते. भजन, चित्रपटगीत आणि शास्त्रोक्त तालीम या तिन्ही वाटा ज्या गावातून गेल्या, त्या गावात एका नव्या वाद्याविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे.

बाजारात या वस्तूला ‘मिडी कीबोर्ड’ किंवा ‘मिडी कंट्रोलर’ म्हणतात. पंचवीस, एकोणपन्नास किंवा एकसष्ट पट्ट्यांची, चपटी आणि वजनाने हलकी अशी ही पेटी असते. तिला भाता नाही, आत सूर बसवलेले नाहीत, बहुधा ध्वनिवर्धकही नाही. संगणकाला न जोडता पट्टी दाबली तर प्लास्टिकची टकटक तेवढी कानी पडते. मुलाच्या हट्टासाठी घरात आणलेली ही पेटी पहिल्या दिवशी मुकी राहते, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, दुकानदाराने फसविले.

ती मांडावी कशी आणि चालवावी कशी, हे आज सांगावयाचे आहे. पण नुसती कृती सांगितली तर यंत्राची घडण बदलताच ती निरुपयोगी होईल. या पेटीतील प्रत्येक खटका कोणी तरी, केव्हा तरी, काही कारणाने तेथे ठेवला आहे. ते कारण ठाऊक असले म्हणजे यंत्र बदलले तरी माणूस अडत नाही. शिवाय यांपैकी एक खटका आपल्या संगीताच्या गाभ्याशी भिडणारा आहे, आणि त्याविषयीचा वाद आपल्याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी रंगला होता. तेथवर पोहोचण्यासाठी आरंभ जुन्या पेटीपासून केला पाहिजे.

पेटीचे घराणे

हार्मोनियम हे मूळचे फ्रान्समधील वाद्य. १८४० च्या सुमारास अलेक्झांडर डेबां या पॅरिसच्या कारागिराने ते सिद्ध केले. ते पायाने हवा भरून वाजवावयाचे होते. भारतात आल्यावर त्याने मांडी घातली. १८७५ साली कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी काढलेल्या द्वारकिन या पेढीचे नाव हातपेटीच्या जन्माशी जोडलेले आहे. जमिनीवर बसणाऱ्या गवयासमोर ठेवता येईल, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या चालविता येतील, अशी ती पेटी पाहता पाहता देशभर पसरली.

महाराष्ट्रात तिला नाटकाने हात दिला. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाची लाट उठली. पुढे त्या लाटेवर पेटी आणि ऑर्गन ही दोन्ही वाद्ये नाटकगृहात स्थिर झाली. गोविंदराव टेंबे यांनी साथीच्या पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. कीर्तन, भजन, बैठक, शाळेची प्रार्थना, कोठेही पाहावे तर पेटी आहेच.

या पेटीची एक गोष्ट आज विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. तिच्यात बोट आणि नाद यांच्यामध्ये काही नाही. पट्टी दाबली की हवेची वाट उघडते, पितळी जीभ कंप पावते आणि सूर निघतो. पट्टी, हवा आणि सूर एकाच लाकडी खोक्यात नांदतात. तंबोरा, सारंगी, बासरी, कोणतेही वाद्य घेतले तरी हाच प्रकार: जेथे हात, तेथे आवाज. मिडी पेटीने हात एकीकडे ठेवला आणि आवाज दुसरीकडे नेला. मुकी पेटी म्हणून जी तक्रार होते, तिचे मूळ या फारकतीत आहे.

फारकत कशी झाली

विजेवर नाद निर्माण करणारी यंत्रे आपल्याकडे पुष्कळ आधी आली. १९६९ साली अमेरिकन वादक डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभा केला, आणि तेथे गीता साराभाई व इतर काही जणांनी प्रयोग केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी केर्सी लॉर्ड यांनी हेच वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणले. परंतु या यंत्रांचीही अवस्था जुन्या पेटीसारखीच होती. एका कंपनीच्या यंत्राची पट्टी दाबून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातून आवाज काढावा म्हटले तर ते सहजी साधत नसे. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी.

याचे मोठे बोलके उदाहरण मुंबईचेच आहे. चित्रपटसंगीतात वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. त्यांच्यापुढे रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे होती: रागविस्तारासाठी ज्युपिटर-८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि तालासाठी टीआर-८०८. यांतील शेवटची दोन एका तारेने परस्परांशी लयीत बांधता येत. त्या तारेला पाच काड्यांचे गोल टोक होते. तसेच टोक पुढे मिडीच्या तारेलाही आले. परंतु त्या जुन्या तारेतून लयीचा ठोका तेवढा जाई, स्वर जात नसे, आणि ती भाषाही एकाच घराण्यापुरती होती. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कौतुकाने ऐकली. यंत्रावर राग वाजविण्याचा प्रयत्न मिडीच्या आधीच मुंबईत झाला होता, एवढे आपण नोंदवून ठेवू.

एका तारेचा करार

ही भाषांची अडचण दूर करण्यासाठी दोन माणसांनी पुढाकार घेतला. एक रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी, दुसरे कॅलिफोर्नियातील सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ. १९८१ साली स्मिथ यांनी ध्वनितंत्रज्ञांच्या परिषदेत एका सामाईक भाषेचा आराखडा मांडला. जपानी कंपन्यांशी वाटाघाटी होऊन त्याचे रूप पालटले, आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली. एकाची पट्टी दाबली, दुसऱ्यातून सूर निघाला. त्याच वर्षी हा करार लेखी प्रसिद्ध झाला. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजे मिडी. त्यावर कोणी स्वामित्वशुल्क लावले नाही, म्हणून लहानमोठ्या साऱ्या कंपन्यांनी तो उचलला. २०१३ साली दोघांना ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. काकेहाशी २०१७ साली आणि स्मिथ २०२२ साली निवर्तले.

या तारेतून जाते तरी काय? नाद मुळीच जात नाही. तीन आकडे जातात. पहिला सांगतो, पट्टी दाबली आणि ती सोळा वाटांपैकी अमुक वाटेवर. दुसरा सांगतो, कितवी पट्टी. त्यासाठी शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत क्रमांक आहेत आणि पियानोच्या मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे क्रमांक ६०. तिसरा सांगतो, किती जोराने. बोट उचलले की पुन्हा तसाच निरोप. तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० ठिपके असा ठरला, त्यामुळे एका स्वराचा निरोप पोहोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागतो.

पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीशी परिचय असलेल्यांना हे लगेच उमगेल. स्वरलिपीचा कागद स्वतः गात नाही. तो वाचून गळ्याने गावयाचे असते. मिडीचा निरोप हा तसा कागद आहे आणि संगणकातील वाद्य हा गळा आहे.

महाराष्ट्राच्या गावोगावी हा करार आला तो मात्र पट्ट्यांच्या रूपाने नव्हे. ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत ज्याला सारे जण ‘ऑक्टोपॅड’ म्हणतात, त्याचा मूळपुरुष म्हणजे रोलंडने १९८५ साली काढलेला पॅड-८. आठ रबरी चौकोन, आणि आत एकही आवाज नाही. काठी मारली की तो मिडीचा निरोप पाठवी, आवाज दुसऱ्या यंत्रातून निघे. पुढील पिढ्यांत आवाज आतच बसविले गेले आणि लोक ही गोष्ट विसरले. ज्याला आज नव्याने नवल वाटते ते मुके वाद्य आपल्या गणेशोत्सवांतील वाद्याचे पूर्वज आहे.

मांडणी

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. तीत चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी तारेची. आजच्या पेट्यांना बहुधा यूएसबीची तार असते. तीच वीज देते, तीच निरोप नेते. १९९९ साली यूएसबीवरून मिडी पाठविण्याचा सर्वमान्य नमुना ठरला, म्हणून बहुतेक पेट्या संगणक आपोआप ओळखतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. जुन्या पेटीला पाच काड्यांची गोल भोके असतात. त्यांवर ‘आउट’ आणि ‘इन’ असे लिहिलेले असते. पेटीच्या ‘आउट’मधून निघालेली तार मधल्या जोडयंत्राच्या ‘इन’मध्ये गेली पाहिजे. बोलणाऱ्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी असावे, हा नियम लक्षात ठेवला की घोटाळा होत नाही.

दुसरी पायरी सॉफ्टवेअरची. संगणकात ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडून त्याच्या सेटिंगमध्ये आपली पेटी निवडावयाची. मग एक नवी वाद्यपट्टी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट ट्रॅक, तयार करून तीत पियानो, पेटी, सतार असे हवे ते वाद्य बसवावयाचे आणि ती पट्टी मुद्रणासाठी सज्ज करावयाची. एवढे करूनही आवाज आला नाही तर घाबरू नये. हात आणि आवाज वेगळे झाले आहेत, म्हणून बिघाडाचेही दोन भाग पाडावेत. पट्टी दाबल्यावर पडद्यावर निरोपाची खूण लुकलुकते काय, हे आधी पाहावे. लुकलुकत नसेल तर दोष तारेत किंवा पेटीच्या निवडीत आहे. लुकलुकत असेल तर निरोप पोहोचला. दोष वाद्य न बसविण्यात किंवा ध्वनिवर्धकाच्या निवडीत आहे. आमच्या अनुभवास आलेल्या बहुतेक तक्रारी एवढ्याने मिटल्या आहेत.

तिसरी पायरी विलंबाची. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो वेळ जातो तो नव्या माणसाला फार छळतो. निरोप एका मिलिसेकंदात पोहोचतो, हे आपण पाहिले. मग वेळ जातो कोठे? संगणक आवाजाचे नमुने एकेक न पाठविता मूठभर साठवून पाठवितो. या मुठीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने धरले आणि मूठ १,०२४ नमुन्यांची असली, तर एकवीस मिलिसेकंद तेथेच गेले. मूठ २५६ ची केली तर पाचच्या आसपास येतात. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. म्हणजे एकवीस मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे तबलजी सात मीटर दूर बसल्यासारखे. पाच मिलिसेकंद म्हणजे पावणेदोन मीटर, बैठकीतील नेहमीचे अंतर. मूठ फार लहान केली तर संगणकाला दम लागून आवाज कडकडतो. म्हणून ती हळूहळू कमी करीत जावे आणि कडकड सुरू होण्याच्या एक पायरी आधी थांबावे. विंडोजच्या संगणकावर १९९७ साली निघालेली एएसआयओ ही पद्धत निवडावी. ती यासाठीच आहे. बिनतारी हेडफोन मात्र वादनाच्या वेळी वापरू नयेत. त्यांचा स्वतःचा विलंब या साऱ्याहून मोठा असतो.

चौथी पायरी खबरदारीची. पायाची पेडल जोडावयाची असेल तर पेटी सुरू करताना ती दाबलेली नसावी, नाही तर पुष्कळ पेट्या तिचा उलट अर्थ घेतात. कधी एखादा सूर अडकून वाजतच राहतो. बोट उचलल्याचा निरोप वाटेत हरवला, हे त्याचे कारण. यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनिक’ नावाचा खटका असतो. तो दाबला की सर्व सुरांना थांबण्याची आज्ञा जाते. मुद्रण झाल्यावर चुकलेला स्वर पडद्यावरच सरकविता येतो, कारण जे मुद्रित झाले ते आकडे आहेत. तेथेच सर्व स्वर मात्रांच्या चौकटीत नेमके बसविणारा एक खटका आढळतो. बँडच्या तुकड्याला तो ठीक आहे. ठेक्याशी लपंडाव खेळणाऱ्या ठुमरीच्या साथीला तो लावला तर त्या साथीतील प्राण निघून जातो.

डावा हात

पेटीवाल्याला या नव्या पेटीवर सर्वांत अवघड जाते ते आघाताचे प्रकरण. जुन्या पेटीत पट्टी हळू दाबा वा जोराने, सूर तेवढाच. लहानमोठेपणा भात्याच्या हवेवर. नवी पेटी पियानोच्या रीतीने बनली आहे. प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात आणि दोहोंच्या मधला वेळ मोजून पेटी आघाताचा जोर ठरविते. त्यामुळे पेटीच्या सवयीचा हात पडला की एक सूर मोठा, दुसरा लहान असे होते. उपाय सोपा आहे. पेटीचा किंवा ऑर्गनचा आवाज निवडला असता आघाताचा परिणाम बंद करून सर्व सुरांना एकच जोर द्यावा.

मग भात्याचे काय? पट्ट्यांच्या डावीकडे बहुधा दोन चाके असतात. एक सोडल्यावर मध्यावर परत येते, ते स्वर वरखाली वाकविते. दुसरे जेथे ठेवावे तेथे राहते. हे दुसरे चाक आवाजाच्या चढउताराला, म्हणजे मिडीच्या अकराव्या नियंत्रकाला जोडून द्यावे. डाव्या हाताला त्याचा भाता परत मिळतो. पहिल्या चाकाने मात्र त्याच हाताला असे काम दिले आहे की जे पेटीवर त्याला कधीच करता आले नव्हते: मींड. हे चाक मुळात दोन स्वरपायऱ्यांपुरते वाकते. षड्जापासून पंचमापर्यंत मींड घ्यावयाची तर संगणकातील वाद्यात तो आवाका वाढवावा लागतो. चाक फक्त आकडा पाठविते, आवाका आवाजाच्या बाजूला ठरतो. एका अडचणीची जाणीव ठेवावी. चाक फिरविले की त्या वाटेवरचे सर्व सूर वाकतात. म्हणून षड्ज धरून ठेवून गंधाराची मींड घ्यावयाची तर दोन्हींना वेगवेगळ्या वाटा द्याव्या लागतात. प्रत्येक बोटाला स्वतंत्र वाट देणारी एमपीई ही पद्धत २०१८ साली मान्य झाली, आणि २०२० साली आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची तरतूद आहे. त्यासाठी पेटी, संगणक आणि वाद्य ही तिन्ही ती भाषा जाणणारी असावी लागतात.

बारा की बावीस

आता ज्या खटक्याचा आरंभी उल्लेख केला, त्याकडे येऊ. पेटी विकत घेतली, जोडली, वाजू लागली. पण तिचे स्वर कोणी लावले? तंबोरा प्रत्येक गवई बैठकीपूर्वी स्वतः लावतो. या पेटीला कोणी काही लावीत नाही. सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, आणि ते इतक्या निमूटपणे की लावण्यासारखे काही आहे याचाच विसर पडतो.

हा प्रश्न आपल्या प्रांताला नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वर तारेच्या लांबीवर मोजले आणि १९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश या कामात त्यांना सामील झाले, आणि लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडून बावीस श्रुतींची खास हार्मोनियम बनवून घेण्यात आली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी आणि तिच्यामागील सिद्धांत विद्वानांपुढे आले. भातखंडे यांना ती मांडणी मान्य झाली नाही. व्यवहारातील बारा स्वरांच्या पायावर रागपद्धती उभारणे हा त्यांचा मार्ग होता. देवलांची पेटी मागे पडली, साधी पेटी पुढे गेली.

वाद मात्र मिटला नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. तिचे ठरीव स्वर आपल्या गायनाला मारक आहेत आणि तिच्यातून मींड निघत नाही, हे आक्षेप होते. रवींद्रनाथांसारखा थोर पुरुषही तिच्या विरोधात होता. गंमत अशी की उत्तम पेटी वाजविणारे पु. ल. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात त्याच आकाशवाणीत नोकरी केली. १९७० च्या दशकाच्या आरंभी बंदी सैल झाली, आणि ती असतानाही घरोघरची पेटी कोणी बंद केली नव्हती. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि पेटी वाजविणारे बहिरे नव्हते. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी त्या ठरीव स्वरांतूनही गाण्याचा भास निर्माण केला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनविली आहे. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा, अशा बावीस. पट्ट्या बाराच.

फरक किती असतो, हे आकड्यांत पाहू. सप्तकाचे १,२०० सेंट धरण्याची रीत एलिस या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकात घातली. समान भागांच्या पेटीत प्रत्येक पट्टी शंभर सेंटांवर आहे. शुद्ध गंधार तेथे ४०० वर बसतो. तंबोऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो ३८६ वर. शुद्ध धैवत पेटीत ९००, स्वरसंवादाने ८८४. पंचमात मात्र फरक केवळ दोन सेंटांचा. म्हणून पेटीचा पंचम खटकत नाही आणि यमनाचा गंधार तंबोऱ्याशी धरून ठेवला की टोचतो.

१९८३ च्या करारात पट्टीचा क्रमांक आहे, तिची कंपनसंख्या नाही. क्रमांक ६४ म्हणजे किती उंच गंधार, हे तारेला ठाऊक नसते. ते आवाज काढणारे यंत्र ठरविते. कोणी काही सांगितले नाही तर यंत्र पियानोच्या रीतीने ठरविते. म्हणजे जुनी पेटी कारखान्यात घासून ठरवली जाई आणि मग ती बदलणे कारागिराचे काम असे. नव्या पेटीत तोच निर्णय एका फाइलमध्ये आहे आणि ती फाइल तुम्हीआम्ही बदलू शकतो. स्वर हवे तसे लावण्याचे निरोप मिडीत १९९० च्या दशकात समाविष्ट झाले, आणि संगणकातील अनेक वाद्ये स्वरमांडणीची फाइल स्वीकारतात. तीत बारा स्वरांचे सेंट लिहावयाचे: गंधार ३८६, कोमल गंधार ३१६, पंचम ७०२, धैवत ८८४, निषाद १,०८८, आणि रागाला जसे हवे तसे पुढे. देवलांना ज्यासाठी लंडनहून पेटी करवून आणावी लागली, ते काम आज लोणीतील विद्यार्थी एका संध्याकाळी घरबसल्या करू शकतो.

यात एक खाचखळगा आहे आणि तो पुष्कळांना ठेच लावतो. ही फाइल एका षड्जाला बांधलेली असते. समजा, षड्ज पांढरी एकवर बांधला. गायिकेची पट्टी काळी पाच. वादक पेटीवरचा स्वर चढविण्याचा खटका दाबतो आणि पांढरी एकवरच बोटे ठेवून वाजवू लागतो. पण त्या खटक्याने तारेवर जाणारे क्रमांकच बदलतात, आणि फाइलचा षड्ज जागच्या जागी राहतो. परिणाम असा की निषादासाठी लावलेला स्वर ऋषभाच्या वाट्याला येतो आणि सारे बेसूर होते. म्हणून पेटीवरचा खटका शून्यावर ठेवावा आणि षड्जाची उंची आवाजाच्या बाजूला, वाद्याच्या मूळ स्वरात बदलावी. तीही कमी पडली तर फाइलमधील षड्ज काळी पाचवर सरकवावा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मैफलीतील कसलेल्या वादकासाठी नव्हे. त्याचा कान पक्का झालेला असतो. प्रश्न आठदहा वर्षांच्या मुलाचा आहे. पूर्वी मुलगी पेटीवर गाणे शिकली तरी शेजारी गुरूंचा गळा असे, तंबोरा असे, आणि पेटीचा गंधार चुकला तर गुरू गाऊन दाखवीत. आज मूल हेडफोन लावून एकटे बसते. तासन् तास जे ऐकू येते ते संगणकातील पेटीचे, आणि गळा त्यालाच जुळवून घेतो. चारशेचा गंधार कानात एकदा रुजला की पुढे गुरूचा गंधार उतरलेला वाटू लागतो. बंदी घालून हे थांबणार नाही. १९४० नंतरच्या तीस वर्षांनी ते दाखविले आहे. पेटी मांडणाऱ्या आईबापांनी आणि शिक्षकांनी मांडणीत ही एक पायरी वाढविली तर ते थांबेल.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पेटी जोडून झाली, विलंब कमी केला, आवाज आला, की लगेच गाणे सुरू करू नये. तंबोरा लावावा, तो नसेल तर यंत्रावरचा चालेल. षड्ज मिळवावा. मग पेटीवर गंधार धरून ठेवावा आणि मुलाला विचारावे, हा तंबोऱ्यात मिसळतो की वेगळा राहतो? त्याला फरक ऐकू आला की फाइल त्याच्याच हातून बदलून घ्यावी, आणि पुन्हा ऐकवावे.